गळ्याच्या रबराची डावी बाजू

रावसाहेब,

तुझं गळ्याचं रबर माझ्यासमोर टेबलावर पडलंय. सूट तिकडे खुंटीला आहे, सावलीत, घडी न घालता, म्हणजे तू शिव्या देत देत मला जसा टांगू द्यायचास तसाच. रबर तेवढं मी कापून काढलं. उजव्या बाजूने ते अजून नवं वाटतं, ताणलं की आपल्या जागी परत येतं. डाव्या बाजूला बोट टेकवलं की बोटाला चिकटतं, आणि ताणलं तर ताणलेलंच राहतं. फाटलंय तेही तिथेच, काठापासून दोन बोटं खाली.

रोज कामावरून आलो की मी ते उचलतो, उजेडात धरतो, परत ठेवतो. बायको म्हणते, ती वस्तू आता घरात नको. तुझ्या गावच्या मंडळींचा निरोप आलाय की शोकसभेत वाचायला काहीतरी लिहून आणा. ते मी लिहीन, आणि त्यात तू फार मोठा माणूस असशील. हे मात्र तुझ्या एकट्यासाठी आहे. यात मला तुझी हजेरी घ्यायची आहे.

माझा पहिला संशय तुझ्यावरच होता, आठवतं? सुप्याला आमच्या कारखान्यात रबराच्या चकत्या आणि वॉशर बनतात आणि त्यातला खराब माल हुडकून बाजूला काढणं हे माझं काम. चांगल्या दिसणाऱ्या वस्तूवर दिवसभर संशय घ्यायचा, याचाच पगार मिळतो मला. तू गेटवर मनगटाचं एक फाटकं रबर घेऊन उभा होतास. ‘ह्याला जोड बसंल का, सायेब?’ रबर असं पातळ, मऊ आणि परदेशी, की आपल्या जिल्ह्यात त्याचं काय काम? मी विचारलं, कुठून उचललंस हे? तू जरासुद्धा रागावला नाहीस. म्हणालास, ‘आमी शिंगणापूरचे. आमच्यात घराला दार न्हाई, कडी न्हाई, कुलूप न्हाई. चोरी शिकायची तरी कुनाकडनं?’

मग टपरीवर चहा घेताना सगळं कळलं. बरीच वर्षं तू मुंबईच्या समुद्रात पाण्याखालच्या पाइपांवर कामं केली होतीस आणि गावी परत येताना भंगारात काढलेला एक सूट मागून आणला होतास. ‘पान्यात जायचं आन् कोरडं वर यायचं, असला सूट हाय त्यो,’ तू मला समजावलंस. ‘आत बंडी, वरनं सूट, पाठीला हवेचा शिलिंडर. पायापास्नं खांद्यापत्तर सगळं बंद. उघडं काय, तर दोन पंजे आन् डोकं. तिथं मनगटाला आन् गळ्याला हे रबर बसतं, पानी आत येऊ देत न्हाई. त्ये गेलं की मंग कसला सूट? पान्यानं भरल्यालं पोतं.’

धरणाच्या दारात अडकलेले ओंडके काढ, विहिरीत पडलेली मोटर शोध, असली तुझी कामं. मोटरीलाही लोक पाणबुडी म्हणतात आणि तुलाही. ‘एक पानबुडी पडलीय, दुसरी पाठवा,’ असे फोन यायचे. सुट्टीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर यायला लागलो. आधी त्या रबराच्या ओढीने, मग तुझ्या. तू खाली, मी काठावर दोरी धरून, आणि सिलिंडर वाहायला टेम्पो घेऊन तुझा चुलतभाऊ नाना. दोरीला बसणाऱ्या हिसक्यांवरून तू खाली बरा आहेस की नाही हे मी ओळखायचो. माझं नाव शंकर. तू त्यातला ‘र’ काढून टाकलास आणि ‘शंक्या’ केलंस. म्हणायचास, ‘तुज्या आईनं शंका म्हनून नाव ठिवलं आसंल, शाळेतल्या मास्तरनं र लावला.’

रबर जास्त दिवस टिकवायचं शास्त्र आपण दोघांनी मिळून उभं केलं, त्यातलं निम्मं भांडून. नखं कापल्याशिवाय रबराला हात लावायचा नाही, हा माझा नियम. सूट घालण्याआधी अंगठी, कडं, मनगटातला काळा दोरा सगळं उतरवायचं, हाही माझाच. काळ्या दोऱ्यावर तू अडून बसलास. शनीच्या गावचा माणूस दोरा काढून विहिरीत उतरला तर लोक काय म्हणतील! शेवटी तो तू पायात बांधलास आणि देवाला म्हणालास, ‘ह्यो शंक्याचा निर्णय हाय, माजा न्हाई.’

रबर अंगावर सरकावं म्हणून त्याला पावडर लागते. मी सांगितलं होतं की पंक्चरच्या दुकानात ट्यूबला लावतात ती बिनवासाची आण. तू मंदावहिनींची गुलाबाची पावडर मारून आलास. वासाच्या पावडरीत कसलं ना कसलं तेल असतं म्हणून मी ओरडत राहिलो, आणि विहिरीवरची माणसं मोठमोठे श्वास घेत तुझ्याभोवती उभी राहिली. नवं रबर गळ्याला आवळतं म्हणून तू ते दोन्ही हातांनी ओढून सैल करायला निघालास. मी हात धरला. ओढायचं नाही, काठावर ज्या गोल कडा असतात त्यांतली एकेक कापून भोक मोठं करत यायचं, घाई करायची नाही, आणि मधल्या वेळात ते पातेल्यावर चढवून ठेवायचं. वहिनींचं वरणाचं पातेलं त्यात अडकलं. तुम्ही दोघांनी दोन दिवस ताक-भाकरीवर काढले आणि वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, पुढच्या बारीला रबरातच वरन शिजवते.’

काम झालं की गोड्या पाण्याने धुवायचं, साबण लावलाच तर अगदी हलका. वाळवायचं सावलीत. वेल्डिंगच्या, मोटरीच्या, इन्व्हर्टरच्या जवळ ठेवायचं नाही, कारण त्यांच्याजवळची हवासुद्धा रबराला बाधते. हे तुला कधीच पटलं नाही. ‘हवा लागून रबर मरतंय व्हय? मंग आपुन कसं जितो?’ पण ऐकलंस. इन्व्हर्टर ओट्याजवळ गेला आणि सुटाची पेटी आतल्या अंधाऱ्या खोलीत आली.

या सगळ्यांच्या वरचा बाप नियम एकच होता. तेल नाही. उन्हातून रबर वाचेल, गाळातून वाचेल, तुझ्या आडदांडपणातूनही वाचेल, तेलातून वाचणार नाही. तेल लागलं की ते आधी फुगतं, मग चिकट होतं, मग त्याचा जीव जातो. मी हे सांगत होतो तो माणूस कुठे राहत होता? जिथे शनिवारी तेलाची धार थांबत नाही त्या गावात. त्याची बायको काय विकत होती? देवाला वाहायचं तेल, काळे उडीद आणि रुईच्या पानांच्या माळा. मी पहिल्यांदा तुझ्या घरी आलो तेव्हा तेलाच्या बाटल्यांची ती रांग बघून मला घामच फुटला होता.

पण मनगटाची रबरं टिकली. मला वाटलं होतं त्याहून जास्त टिकली. गेलं ते प्रत्येक वेळी गळ्याचं. एक गेलं, दुसरं बसवलं, तेही गेलं. आणि दरवेळी डाव्या बाजूने.

आता माझ्यासारख्या माणसाला याहून जास्त काय लागतं? मी डोळ्यात तेल घालून त्या सुटावर पहारा सुरू केला. आधी उंदरांवर संशय घेतला, पण उंदीर कुरतडतो, चिकट करत नाही. मग रबर ज्याच्याकडून मागवत होतो त्या व्यापाऱ्यावर. त्याला असं काही बोललो की पुढे त्याने माझा फोन घ्यायचं सोडलं. मग नानावर घेतला, कारण टेम्पोत ग्रीसचा डबा असायचा. नानाने तो डबा माझ्यासमोर उचलून बाहेर फेकला आणि त्या दिवसापासून त्याच्या मनातून मी उतरलो. मग वहिनींवर. मी म्हटलं, दुकानातले तेलाचे हात पेटीला लागत असतील. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘देवाच्या त्यालाला नाव ठिवायचं न्हाई. मी हात धुतल्याबिगर कुक्कू लावत न्हाई, तुमच्या रबराला कशाला शिवू?’

एकदा तर मी पेटीभोवती फरशीवर तीच ट्यूबची पावडर पसरून ठेवली. रात्रीतून कोण येतं ते पावलांवरून कळेल असा हिशेब. ज्या गावात घराला दार नाही तिथे मी रबराच्या चोराचा माग काढत होतो. सकाळी पावडरीत मांजराची पावलं उमटली होती, आणि तुझी. तुझी पावलं पेटीपर्यंत येऊन तिथे नाचून गेली होती. तू फरशीवर बसून हसत होतास आणि वहिनी केरसुणी घेऊन मला शोधत होत्या.

त्या हसण्यावर मी चिडलो होतो. एवढा मोकळा हसणारा माणूस काही लपवत असेल असं मला कसं सुचावं?

खुणा होत्या की. तू फोन नेहमी उजव्या कानाला लावायचास. टेम्पोत मला खिडकीशी बसू द्यायचा नाहीस. ‘शंक्या, तू मदी बस,’ म्हणजे मी तुझ्या उजवीकडे. टपरीवर बाकड्याची जागा बदलायचास. मला वाटायचं, साहेबपणा करतो, नावातच साहेब आहे ना! मी डावीकडून काही विचारलं की तू उत्तर द्यायचा नाहीस. हाही मला माज वाटायचा. मी खराब माल हुडकणारा माणूस, आणि हे सगळं माझ्या नाकासमोर घडत होतं.

आणि ते मोठं भांडण. धरणावर काम होतं, थंडी होती, सूट घालायच्या आधी मी परत तेच तेल-तेल सुरू केलं. तू काठावरच्या दगडावर बसलेला, पाण्याकडे बघत. मी डावीकडून बोलतोय, बोलतोय, तू मानही वळवत नाहीस. शेवटी मी ओरडलो, ‘अरे मी काय सांगतोय? कानात तेल घालून बसलायस काय?’ ते तुला ऐकू गेलं. तू माझ्याकडे वळलास आणि पोट धरून हसायला लागलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? तू म्हणालास, ‘काय न्हाई, शंक्या. तू लई हुशार हायेस.’ रावसाहेब, ती थट्टा होती हे मला तेव्हाही कळलं. कुणाची थट्टा होती ते कळलं नाही.

कर्जतच्या पुढची ती विहीर मला आता कधी बघायची नाही. बरेच दिवस उपसा नाही, पाणी हिरवं, त्यावर साय धरलेली, वास काठापर्यंत. मालकाची मोटर तळाला रुतली होती आणि गुरांना पाणी नव्हतं. मी म्हटलं, आज नको. तू म्हणालास, ‘ह्या सुटाचं काम काय मंग? घान पान्यासाठीच हाय त्यो.’ गळ्याचं रबर मी नुकतंच नवीन बसवलं होतं. चिकटवलेला जोड चारचारदा तपासला होता. तू उतरलास, मोटरीला साखळी लावलीस, दोरीला हिसका दिलास. वर आलास तेव्हा आतली बंडी डाव्या खांद्यापर्यंत ओली होती. गळ्याशी बोट घालून तू ते फाटकं दाखवलंस. ‘शंक्या, तुजं नवं रबर गेलं बघ.’ नाना तिथेच उभा होता. मालकही होता.

परत येताना टेम्पोत मी तुला सोडलं नाही. नवं रबर असं जातंच कसं? तेल लावलंस ना? खरं सांग. तू थकला होतास, डोकं मागे टेकवून बसला होतास. तू गळ्याची कातडी चिमटीत धरलीस आणि म्हणालास, ‘गळ्याशपथ, शंक्या. डोक्याला त्यालाचा थेंब लावत न्हाई.’ मी विश्वास ठेवला नाही. सुप्याला उतरलो आणि तुझ्याकडे न बघता घरी गेलो. तुझं माझं बोलणं तिथे संपलं.

पुढे तुला ताप आला, डोकं फुटायला लागलं, आणि नगरच्या दवाखान्यात मी पोहोचलो तोवर तू कुणाला ओळखत नव्हतास. घाण पाण्याचा संसर्ग मेंदूपर्यंत गेला, एवढं घरच्यांना समजलं. बाहेरच्या बाकड्यावर नाना सगळ्यांसमोर म्हणाला, ‘रबर कुनी बसवलं हुतं?’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघण्याचा हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे, मी जन्मभर तसाच बघत आलोय. दुसऱ्या बाजूने तो कसा लागतो हे तिथे कळलं.

नाना औषध आणायला गेला तेव्हा डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, ‘गळ्यापाशी पाणी शिरल्याने हे होत नाही. सगळं डाव्या कानातून गेलेलं दिसतंय. कानाचं जुनं दुखणं असणार. पडद्याला भोक असलेल्या माणसाने पाण्यात उतरायचंच नसतं. तुम्ही बरोबर असायचात ना?’ मी ताडकन म्हणालो, शक्यच नाही. मला कळलं असतं. मी त्याला पाण्यात सोडलंच नसतं. मला त्यांचाच संशय आला. वाटलं, उपचारात काहीतरी चुकलंय आणि आता कानावर ढकलतायत. म्हणून मी हे कुणाला सांगितलं नाही. ज्यावर माझाच विश्वास नव्हता ते नानाला कोणत्या तोंडाने सांगू? तो म्हणाला असता, स्वतःच्या अंगावरचं झटकतोय.

तेरावा झाला. त्यानंतर वहिनींचा निरोप आला, सूट घेऊन जा, डोळ्यांसमोर नको.

मी शिंगणापूरला गेलो. दुकान बंद होतं. घराच्या चौकटीला तोच निळा पडदा. वहिनींनी पेटी बाहेर काढून ठेवली होती. चहाला थांबायला त्या म्हणाल्या नाहीत, मीही थांबणार नव्हतो. पेटी उचलली तेव्हा त्यांनी कोनाड्यातून एक लहान बाटली आणली. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, आत पिवळं तेल, तळाला लसणाच्या काळ्या पडलेल्या पाकळ्या.

‘जाता जाता ही टाकून द्या कुटंतरी. माज्याच्यानं टाकवंना.’

‘काय आहे हे?’

‘त्यांच्या कानाचं त्याल. डावा कान लई ठनकायचा. मुंबईपास्नंच. कोमट करून रोज घालत हुते मी. पान्यात जायच्या दिवशी तर सकाळीच घालायचे, मंग त्ये कापूस काढून टेम्पोत बसायचे.’ त्यांनी पदराने नाक पुसलं. ‘तुमाला सांगू नको म्हनले हुते. शंक्याला कळलं तर पान्यात उतरू द्यायचा न्हाई, म्हनायचे.’

मी पेटी खाली ठेवली. गळ्याचं रबर डोक्यावरून घालावं लागतं, रावसाहेब. ते कपाळावरून येतं, कानांवरून घासत खाली उतरतं आणि मानेला बसतं. दरवेळी तू ते त्या डाव्या कानावरून ओढत होतास. एवढी वर्षं मी तेल देवळात शोधलं, दुकानात शोधलं, नानाच्या टेम्पोत शोधलं. तू ते बरोबर घेऊन फिरत होतास. आणि शपथ मात्र खोटी घेतली नाहीस! डोक्याला नव्हतंच, कानात होतं. तुला माहीत होतं रबर कशाने जातंय. पहिल्या रबरापासून माहीत होतं. मी व्यापाऱ्याशी भांडलो, नानाला दुखावलं, पावडर पसरून बसलो, आणि तू बघत राहिलास. तू समोर असतास तर तुला मी त्याच कानाखाली वाजवली असती.

तुझ्याबद्दल माझी सगळ्यात जुनी कृतज्ञता काय आहे, ठाऊक आहे? दोरी. जगात कुणी माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला नव्हता, कारण मी कुणावर टाकत नव्हतो. तू दोरीचं टोक माझ्या हातात द्यायचास आणि मागे वळून न बघता पाण्यात जायचास. गाठ तपासली का, असंही कधी विचारलं नाहीस. त्या दोरीने मला थोडासा माणूस केलं. मग कान का नाही सांगितलास? जीव माझ्या हातात देता आला आणि एक कान देता आला नाही? मी तुला पाण्यातून वर काढलं असतं, कायमचं. टेम्पोत, टपरीवर, कुठेही तुझ्या उजवीकडे बसलो असतो. तू बिनपाण्याचा तडफडला असतास हे मला कळतं. तरी मी काढलं असतं. हे भांडण आपलं राहूनच गेलं, आणि यात मी बरोबर आहे.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं.

‘भाऊजी, एक इचारते. खरं सांगायचं. नाना म्हनतात, रबर फाटलं म्हनून गेले. पन त्या डाक्टरनं मला कानाचं इचारलं हुतं. मी भ्याले, न्हाई म्हनलं. तवापास्नं जेवन जात न्हाई. कान आसा आसताना त्याल घालायचं नसतं म्हनं, एक बाई बोलली. माज्या त्यालानं झालं का हो काय? मी त्यास्नी डाक्टरकडं धाडायचं सोडून त्याल घालत बसले का?’

रावसाहेब, मी जन्मभर लोकांना खरं बोला म्हणून छळलंय. खरं माझ्या जिभेवर होतं. ते बोललो असतो तर नाना गप्प झाला असता, तुझं गाव गप्प झालं असतं, कारखान्यात माझ्या रबराकडे कुणी वाकडा डोळा करून बघितलं नसतं. कान होता, वहिनी, रबराचा काही संबंध नव्हता. एवढंच बोलायचं होतं. समोर तुझी बायको उभी होती, तिने रोज हातावर थेंब टाकून तेल कोमट आहे का बघितलं होतं, आणि पुढची सगळी वर्षं तिला त्याच हाताने जेवायचं होतं.

‘तेलाने काही होत नाही, वहिनी,’ मी म्हणालो. ‘रबरच. मीच बसवलं होतं. जोड नीट बसला नव्हता.’

त्यांचे खांदे सैल पडले आणि त्या खाली बसल्या. तू गेल्यावर त्या मोठ्याने रडल्या नव्हत्या असं बायका म्हणत होत्या. त्या वेळी रडल्या. मला बरं वाटलं, आणि रडता रडता त्यांनी वर बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मी कोण झालो होतो तेही दिसलं. ‘एवढं तपासत हुता,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांवर संशेव घ्यायचा. आन् सोताचं काम तपासलं न्हाई?’

मी पेटी उचलली. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला आणि त्यांनी मागून पडदा ओढून घेतला. दार नसलेल्या घराचा पडदाही तोंडावर आपटता येतो, हे मला माहीत नव्हतं.

बाटली मी टाकली नाही. ती इथेच आहे, रबराच्या शेजारी. मनगटाची दोन्ही रबरं अजून ठणठणीत आहेत, तुला सांगायचं राहिलं. सूट कुणी मागायला आला तर देईन, पण आधी त्याचे कान तपासून घेईन.

सभेत नाना उठेल आणि सगळ्यांसमोर विचारेल, रबर कुणी बसवलं होतं? मी सांगेन, मी बसवलं होतं. यात खोटं काही नाही. त्याच्या पुढचं कुणी काही विचारलं, तर ते मला ऐकू येणार नाही. कानात तेल घालून बसायचं कसं, एवढं तू मला शिकवून गेलास.